दुर्मीळ शब्दांचा भाग

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर कोणाचं ते तू लगेच ओळखलं असशील, आणि तरीही पाकीट फोडलंस. उत्तराची घाई नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं.

आधी कामाचं सांगते, ते सोपं आहे. दुकानातली घोषणांची नोकरी मी सोडली. काचेच्या त्या खोक्यात बसून इतकी वर्षं छत्र्यांवरची सवलत आणि हरवलेली मुलं पुकारली, दोन्ही भाषांतून. मग एक दिवस दारावर टकटक झाली. एक म्हातारे गृहस्थ, हातात मोज्यांचा जोड, किमतीची चिठ्ठी अजून लोंबतेय. म्हणाले, "पश्चिमेकडच्या दालनात बंड्यांवर सवलत आहे, हे आत्ता इंग्रजीत तुम्हीच सांगितलंत का?"

मी म्हटलं, "हो. काही चुकलं का?"

"चुकलं नाही, म्हणून तर आलो. दिशा ती वेस्ट आणि अंगात घालायची ती व्हेस्ट. दोन्ही वेगळे ऐकू आले. ह्या गावात हे मला फारसं ऐकायला मिळत नाही."

हे प्राध्यापक. निवृत्त आहेत आणि एक बोलता शब्दकोश तयार करतायत. ज्यांना दिसत नाही, किंवा वाचता येत नाही पण इंग्रजी शिकायचंय, अशांसाठी. शब्द दोनदा म्हणायचा, मग मराठी अर्थ, मग एक वाक्य. आणि क्रम एबीसीडीचा नाही, वापराचा. रोज लागणारे शब्द आधी, क्वचित लागणारे नंतर, आणि शेवटी दुर्मीळ शब्दांचा भाग. ते म्हणतात, तहानलेल्याला आधी 'वॉटर' मिळू दे, 'डेल्यूज' म्हणजे महापूर हे त्याला सवडीनं कळेल.

त्या कोशाचा आवाज मी आहे. गेलं वर्षभर रोज सकाळी जाते. एक खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये एक खुर्ची आणि मायक्रोफोन. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ बसतात. त्यांना सगळे कानसेन म्हणतात. शेजारच्या घरातला फ्रिज सुरू झाला की ते हात वर करतात. माझं पोट गुरगुरलं तर मला कळायच्या आधी त्यांना कळतं. "ताई, पोट," एवढंच म्हणतात आणि मी हिरवं सफरचंद खाते. त्यानं जिभेचा चिकटाही जातो.

परवा एक मजा झाली. 'रो' म्हणजे रांग. तीच अक्षरं 'राव' अशी म्हटली की अर्थ भांडण. मी म्हटलं, "राव, म्हणजे भांडण," आणि पलीकडून कानसेन अगदी गंभीरपणे म्हणाले, "काय राव, कशाला." तो घास पुन्हा घ्यावा लागला. आम्ही एकेका नोंदीला घास म्हणतो.

बाबांची फार आठवण येते. टेलिफोन एक्स्चेंजमधून दमून आले तरी आपल्या दोघींच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायचे. 'पेपर' म्हणताना पट्टी हलली पाहिजे, मराठी 'पाणी' म्हणताना हलता कामा नये. तुझी पट्टी नेहमी जास्त हलायची, कारण तू मुद्दाम फुंकर मारायचीस.

तुझे भाऊजी मजेत आहेत. तुझ्या बंदरावर हवा कशी आहे?

तुझी,
ताई

ता.क. माझा आवाज दुपारनंतर थोडा बसतो अलीकडे. गाद्यांमधली धूळ असणार.


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर नाही. मोठी आहे म्हणून पुन्हा लिहिते.

धूळ नव्हती. गळ्यात गाठ आहे, थायरॉइडला. घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी चित्र काढून दाखवलं. गाठीच्या अगदी अंगाला चिकटून एक शीर जाते, आवाजाच्या पडद्याला हलवणारी. गाठ काढावीच लागेल. शीर वाचवायचा प्रयत्न करणार. मी विचारलं, नाही वाचली तर? त्या म्हणाल्या, "तर तुमचा आवाज आत्तासारखा राहणार नाही. हे मी आधीच सांगितलेलं बरं." मला त्या आवडल्या.

तेव्हा सध्या घाई चालली आहे. ऑपरेशनच्या आधी जेवढे घास होतील तेवढे करायचे. घरी मी बोलायचंच नाही असं ठरलंय, आवाज जपायला. भाऊजी दोघांच्या वाटचं बोलतात. मलाच प्रश्न विचारतात आणि माझ्या वतीनं उत्तरही देतात. काल भांडणसुद्धा त्यांनी एकट्यानं केलं, आणि त्यात मीच जिंकले.

कोशात 'एस्ट्रेंज्ड' असा एक शब्द आला. प्राध्यापकांनी अर्थ दिला होता 'परका झालेला'. मी वाचायची थांबले. म्हटलं, हे बरोबर नाही. 'दुरावलेला' हवं. ते म्हणाले, "फरक काय?" मी म्हटलं, "परक्याची कोणी वाट बघत नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पेन्सिलीनं दुरुस्ती केली. वाक्यही बदललं. मी ते एका दमात वाचलं. कानसेननी पुन्हा घ्यायला सांगितलं नाही.

आता ते लिहिते, जे आपण दोघी बोलत नाही.

आई गेली तेव्हा तू वाटेत अडकली होतीस. वादळ होतं, बोटी बंद, विमानं बंद, ह्यात तुझा काही दोष नव्हता. आईला शेवटचे महिने दिसत नव्हतं. त्या दिवशी ती सकाळपासून एकच विचारत होती, धाकटी आली का. मी दहा वेळा 'येतेय' म्हटलं. मग मी खोलीबाहेर गेले, दार पुन्हा उघडलं, आणि तू म्हणतेस तसं, शेवटी सूर वर नेऊन म्हटलं, "आई, आले गं." आपल्या दोघींचा आवाज एकच. बाबासुद्धा फोनवर चुकायचे. आईनं हात पुढे केला. मी तो धरला आणि ती माझ्याशी, म्हणजे तुझ्याशी, बराच वेळ बोलली.

मावशी दारात उभी होती. तिनं तुला सांगितलं. आणि तू मला म्हणालीस, "माझी शेवटची भेट तू घेतलीस." त्यानंतर तू बोलली नाहीस.

मी माफी मागायला लिहीत नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. एक माणूस वाट बघत जात होतं आणि माझ्या गळ्यात औषध होतं.

पण आई काय बोलली ते तू कधी विचारलं नाहीस. विचारलंस तर सांगेन. कागदावर नाही, तोंडानं सांगेन, कारण ते तिनं बोलून सांगितलं होतं. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी एकदा फोन कर.

तुझी,
ताई


१९ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. "तारीख कळव. सोबत कोण आहे?" वर मायना नाही, खाली सही नाही. तरी भाऊजींनी ते पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलं, मला पडल्यापडल्या दिसेल असं.

तारीख होऊन गेली. सोबत भाऊजी आहेत.

गाठ वाईट जातीची होती, पण सगळी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणतात, जिवाची काळजी सोडा. मग खुर्ची ओढून बसल्या, तेव्हाच मला कळलं. शीर गाठीच्या अंगाला नव्हती, गाठीतूनच गेली होती. कापावी लागली.

जाग आल्यावर मी पाणी मागायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. भांड्यातली वाफ जाते तशी. भाऊजींनी विचारलं, "काय हवंय?" मी पुन्हा म्हटलं, पुन्हा हवा. ते म्हणाले, "बरं बरं," आणि पाणी दिलं. नंतर बाहेर जाऊन बराच वेळ उभे राहिले. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

आता माझ्याकडे एक पाटी आहे. माझं अक्षर भाऊजींना लागत नाही, इतक्या वर्षांनी हे नव्यानं कळलं. मी 'मीठ' लिहिते, ते 'पीठ' आणतात. व्यायाम सांगितलेत, त्यांनी थोडाफार आवाज येईल म्हणतात. पहिला मात्र नाही. आणखी एक गंमत. मला बोलता येत नाही म्हटल्यावर माणसं माझ्याशी एक तर कुजबुजतात, नाहीतर ओरडतात. शेजारच्या काकू ओरडतात. प्राध्यापक आले ते काहीच बोलले नाहीत. हिरव्या सफरचंदांची पिशवी ठेवली आणि तासभर माझ्याबरोबर गप्प बसून गेले. बरं वाटलं.

रोजचे शब्द सगळे झाले होते. मधलेही झाले. दुर्मीळ शब्दांचा भाग मात्र जेमतेम सुरू झाला होता. दुसरी वाचणारी शोधतायत. एक मुलगी आली होती, गोड आवाजाची. तिला 'सुसरस' हा शब्द दिला, म्हणजे पानांची हलकी सळसळ. तिनं तो असा म्हटला की कानसेन म्हणाले, "सुसरीचा रस काढलाय जणू." ती हसली आणि गेली, पुन्हा आली नाही. चूक तिची नव्हती. प्राध्यापकांचं म्हणणं वेगळं आहे. ज्याला दिसत नाही त्याला आवाज हाच चेहरा. शिकवणाऱ्याचा चेहरा शेवटच्या टप्प्यात बदलला तर तो बिचकेल. नाहीतर सगळं पहिल्यापासून दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायला हवं, आणि तेवढं त्यांच्याच्यानं ह्या वयात होणार नाही.

बघू, काहीतरी मार्ग निघेल. तू काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


८ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चांगलं सणसणीत आहे. इतक्या दिवसांचं साठलेलं तू एका दमात काढलंस, आणि तुझं अक्षरही बाबांसारखं झालंय हे मला माहीत नव्हतं.

तू लिहितेस, "तोंडानंच सांगणार होतीस ना? आता सांग." ते मला लागलं, पण तू बरोबर आहेस. मीच अडून बसले होते.

तेव्हा कागदावर सांगते.

आईनं माझा हात धरला, म्हणजे तुझा, आणि म्हणाली, "दमलीस का प्रवासानं?" मी नाही म्हटलं. मग म्हणाली, "तुझी मला कधी काळजी वाटली नाही. तू आदळआपट करतेस, मागून घेतेस, भांडून घेतेस. तुझं कुठेही निभेल. मी तुला 'जा, परत येऊ नकोस' म्हटलं होतं ते मनावर घेतलंस का?" मी म्हटलं, "नाही गं." हे तुझ्या वतीनं खोटं बोलले, कारण तू घेतलं होतंस, मला माहीत आहे.

मग तिनं आवाज खाली आणला. म्हणाली, "ताई आहे का इथे?" मी म्हटलं, "बाहेर गेलीय."

"मग ऐक. काळजी तिची वाटते. ती कोणाकडे काही मागत नाही. पडली तरी म्हणेल, मी बसलेच होते. सगळ्यांना वाटतं हिला काही लागतच नाही. तू तिला मागायला लावू नकोस. आपणहून जा. एवढं कर माझं."

मी म्हटलं, "करीन."

मग तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि झोपली. संध्याकाळी गेली.

हे मी तुला का सांगितलं नाही, ते आता तुझ्या लक्षात येईल. तुला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? 'आईनं तुला माझ्याकडे बघायला सांगितलंय'? तो निरोप पोचवणं म्हणजे मागणंच झालं असतं. आणि तो निरोप ऐकून घ्यायला मी खोलीत असायलाच नको होते.

ह्या पत्राच्या आधी मी तुला लिहिलं की मार्ग निघेल, काळजी करू नकोस. भाऊजींनी ते पत्र टाकण्याआधी वाचलं. ते म्हणाले, "हिच्या आईचं काही चुकलं नाही." आईचं बोलणं त्यांना ठाऊक आहे. आज त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "नीट लिही."

म्हणून नीट लिहिते. धाकटे, दुर्मीळ शब्द तू वाच. तुझा आवाज माझाच आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे, कंट्रोल रूममध्ये दिवसभर जहाजांशी बोलतेस. इथे येऊन वाचावं लागेल, कारण खोली तीच हवी, मायक्रोफोन तोच हवा. मला हे काम अर्धं राहिलेलं सहन होत नाहीये. आणि मला तू हवी आहेस, शब्दांशिवायही.

मी मागते आहे.

तुझी,
ताई


२७ मे

प्रिय धाकटे,

तू गेलीस आणि घर चार दिवस मोठं वाटतंय. तू होतीस तेव्हा सगळी उत्तरं मी पाटीवर दिली, आणि पाटी लहान पडते. म्हणून राहिलेली उत्तरं आता देते.

आधी तू आलीस तो दिवस. तुला त्यातला अर्धाच भाग माहीत आहे. तू न कळवता आलीस, दार उघडंच होतं, आणि तू उंबऱ्यातून म्हणालीस, "आहे का कोणी घरात?" मी खिडकीशी बसले होते. भाऊजी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. त्यांनी तो आवाज ऐकला आणि हातातली कढई टाकून धावत आले. साबणाचे हात, अंगावर पाणी, आणि चेहरा असा की मी लग्नानंतर पाहिला नव्हता. आधी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग म्हणाले, "अगं तू होय. ये, ये, बस," आणि आत गेले. तुला वाटलं ते चहा टाकायला गेले. त्यांनी नळ सोडला होता, आणि तो बराच वेळ नुसता वाहत होता.

रात्री त्यांना पाटीवर लिहून विचारलं, वाईट वाटलं का. ते म्हणाले, "नाही. क्षणभर का होईना, तुझा आवाज आला होता परत. आणि आता दोन आठवडे घरात असणार आहे."

गाद्यांच्या खोलीतला तुझा पहिला दिवस आठवला की अजून हसू येतं. तू प्रत्येक घासाच्या शेवटी 'ओव्हर' म्हणत होतीस. 'व्हिटल्स, म्हणजे शिधा, ओव्हर.' कानसेन तिसऱ्यांदा थांबवून म्हणाले, "बाई, इथे जहाज नाही, समोर भिंत आहे. ती उलट बोलत नाही." मग तू सावरलीस. पण वेग तोच, जणू मागे बोटी खोळंबल्यात. मी पेन्सिलीनं हवेत ताल धरला तेव्हा कुठे तू हळू आलीस.

इंग्रजीत मला तुला काही सांगावं लागलं नाही. 'बोसन' म्हणजे खलाशांचा मुकादम, 'गनल' म्हणजे बोटीचा काठ, 'की' म्हणजे धक्का, हे सगळं तू असं म्हणालीस की प्राध्यापक मान डोलावत होते. लिहितात किती लांबलचक आणि म्हणतात केवढंसं, हे मला कागदावरून पाठ करावं लागलं असतं. तू तर रोज ह्याच शब्दांनी जहाजांना हाका मारतेस. पण मराठीला मात्र तुझ्या गंज चढलाय. 'चाक' मधला च तू 'चहा' मधल्या च सारखा म्हणतेस. मी पाटीवर मोठ्ठं 'चाक' लिहून खाली रेघ मारली तर म्हणालीस, "तेच तर म्हणतेय." तेच म्हणत नव्हतीस. आपण त्यावर पाऊण दिवस घालवला. तू तोंडानं भांडत होतीस, मी खडूनं. कानसेन काचेपलीकडे वर्तमानपत्र वाचत बसले. शेवटी तू म्हणालीस, "एवढं भांडण तर आपण आईच्या वेळीही केलं नव्हतं. तेव्हा नुसतं गप्प बसलो." मग पुढचं वाक्य तू बरोबर वाचलंस. त्यातलं चाक अगदी आईचं होतं.

आता ते, जे तू शेवटच्या दिवशी जिन्यात विचारलंस. मी सफरचंद कापत होते. तू म्हणालीस, "ताई, आई फोनवर कधी आपल्यात चुकायची का गं?"

मी मान हलवली. नाही. बाबा चुकायचे, मावशी चुकायची, आई कधीच नाही. 'हॅलो' म्हणायच्या आधीच्या श्वासावरून ओळखायची.

"मग त्या दिवशी चुकली असेल?"

मी खडू हातात घेतला आणि खाली ठेवला. तू थांबली नाहीस. म्हणालीस, "तिला माहीत होतं. ती तुझाच हात धरून, तुलाच सांगत होती, की बाई, माग कधीतरी. माझं नाव नुसतं निमित्त."

मी चार दिवस ह्यावर विचार करतेय. असेलही. हात हातात होता, आणि माझी बोटं तिला आंधळेपणीही कळली असती, मीच तिला रोज भरवत होते. मग ती मला 'ताई आहे का इथे' असं का विचारेल? मला सोपं जावं म्हणून विचारलं असेल. समोरासमोर म्हटलं असतं तर मी नेहमीसारखं उडवून लावलं असतं.

पण धाकटे, दुसरं वाक्यही तिथेच होतं. 'परत येऊ नकोस म्हटलं ते मनावर घेतलंस का.' ते मला उद्देशून कसं असेल? मला ती असं कधी म्हणाली नव्हती. तेव्हा समोर कोण आहे हे तिला कळलं होतं असं धरलं, तरी ते वाक्य तुझ्यासाठीच होतं, आणि ते मी तुला पोचवीन अशी तिची खात्री होती. मीच उशीर केला.

मफलर इथे राहिलाय. पाठवत नाही. घ्यायला ये.

तुझी,
ताई


१४ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

आवाज आला आहे. म्हणजे एक आवाज आला आहे, कोणाचा ते अजून ठरायचंय. खालचा, घोगरा, मध्येच हवा जाणारा. इंग्रजीत घोगऱ्याला 'हॉर्स' म्हणतात आणि उच्चार घोड्याचाच, हे मी स्वतः कोशात वाचलेलं आहे. भाजीवाला फोनवर मला काका म्हणतो. मी दुरुस्त करत नाही, काकांना तो भाजी निवडून देतो. भाऊजींना आता माझं 'मीठ' ऐकू येतं, पण सवय झाली म्हणून पीठच आणतात.

कोश पूर्ण झाला. गेल्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या दालनात प्राध्यापकांनी तो पहिल्यांदा लोकांना ऐकायला दिला. भाषणं नव्हती. टेबलं मांडली होती, प्रत्येकावर एक यंत्र आणि कानांना लावायचं. प्रस्तावनेत त्यांनी सांगितलंय की हा दोन बहिणींचा आवाज आहे. प्रस्तावना कोणी ऐकली नाही, सगळे बटण दाबून थेट शब्दांवर गेले. प्राध्यापक थोडे हिरमुसले, कानसेन म्हणाले, "मीसुद्धा कधी ऐकत नाही."

मी खुर्च्या लावायला आणि लोकांना टेबलापर्यंत न्यायला होते. एक वयस्क बाई शेवटपर्यंत उठल्या नाहीत. जन्मापासून दिसत नाही. आयुष्यभर एका इस्पितळात क्ष-किरणांचे फोटो धुण्याच्या काळोख्या खोलीत नोकरी केली. तिथे दिसणाऱ्यांचीही दृष्टी उपयोगाची नसते, असं त्यांनीच हसत सांगितलं. डॉक्टर लोक आपसांत इंग्रजीत बोलायचे, ते सगळं कानावर पडायचं आणि अर्थ लागायचा नाही. तो आता लावणार म्हणतात.

दालन रिकामं व्हायला आलं तेव्हा मी जवळ गेले. त्यांनी एक कान मोकळा केला. "तुम्ही इथल्याच का?"

मी म्हटलं, "हो, मदतीला आहे."

"घसा धरलाय वाटतं."

"जुनाच आहे."

"ह्या वाचणाऱ्या बाई कोण? माहीत आहे तुम्हाला?"

मी म्हटलं, "माझी धाकटी बहीण."

"सगळं त्यांनीच वाचलंय?"

मी 'हो' म्हटलं. तुला राग येईल, पण ते माझ्या तोंडून अगदी सहज गेलं, आणि मग मागे घ्यावंसं वाटलं नाही. हा शब्द ह्या नव्या आवाजात पहिल्यांदाच नीट उमटला, मध्ये हवा न जाता.

त्यांनी बटण चाचपून यंत्र मागे नेलं आणि मोकळा कान मला दिला. 'एट'. पुन्हा 'एट'. नदीच्या पात्रातलं लहान बेट. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून ऐकत होतो. वाक्य संपेपर्यंत त्यांनी श्वाससुद्धा सोडला नाही.

मग म्हणाल्या, "हा मी तिसऱ्यांदा लावला. आठ आकड्यासारखाच उच्चार, पण ह्यांनी म्हटला की पाणी ऐकू येतं. त्यांना सांगाल का, की घाई न करता वाचलंत म्हणून बरं झालं? मला ते बेट हातानं चाचपता आलं."

मी सांगते म्हटलं. घरी येऊन आधी प्राध्यापकांना फोन केला, खात्री करून घेतली, कारण तो तुझा की माझा हे ऐकून मलाच कळलं नव्हतं. 'एट' तुझाच आहे.

तुझी,
ताई